भीमेच्या दोन्ही तीरांवरील पिझ्झामीमांसा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते, आणि तिच्या दोन्ही तीरांवर ‘कोणता पिझ्झा चांगला?’ या प्रश्नाचे उत्तर पिझ्झाविषयी मिळत नाही, हे या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच गृहीत धरलेले बरे. पहिले वाक्य पिझ्झाचे असते, यात वाद नाही. परंतु दुसऱ्या वाक्यात उत्तर देणाऱ्याची आजी प्रवेश करते, तिसऱ्यात चूल पेटते, आणि चौथे वाक्य पुरे होण्यापूर्वी उपस्थितांपैकी कोणीतरी दौंड तालुक्यातल्या यवतच्या पिठल्याची किंवा घोडनदीच्या बाजारातल्या भेळेची बाजू घेऊन अशा त्वेषाने उभा राहतो की मूळ प्रश्न मागे घेण्यातच शहाणपण ठरते. घोडनदी हे शिरूर शहराचेच जुने आणि अजूनही सर्रास चालणारे नाव आहे, एवढे येथे सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुण्याकडचा वाचक ते केवळ नदीचे नाव समजून पुढे जातो आणि शिरूरकर तेवढ्यावरून त्याची एकूण लायकी ठरवून टाकतात.

पिझ्झावर बोलण्याचा पहिला अधिकार कोणाचा, यावरही दोन्ही तालुक्यांत एकमत नाही. शिरूरकरांचा दावा औद्योगिक स्वरूपाचा आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीमुळे प्रसिद्ध असलेल्या रांजणगावच्या परिसरात एमआयडीसी, म्हणजे सरकारने वसवलेली औद्योगिक वसाहत, असून तीत इटलीतल्या तोरिनो शहरात 1899 साली जन्मलेल्या फियाट कंपनीचा कारखाना उभा राहिला. ज्या देशाच्या मोटारी आपल्या तालुक्यात जोडल्या गेल्या त्या देशाच्या भाकरीविषयी आपले मत ग्राह्य धरले जावे, ही अपेक्षा शिरूरकराला मुळीच अवाजवी वाटत नाही. तोरिनो इटलीच्या उत्तरेला आणि पिझ्झाचे माहेर नेपल्स दक्षिणेला असून दोहोंमध्ये 700 किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, ही बाब तो किरकोळ मानतो. दौंडकर हा दावा रेल्वेच्या आधारे फेटाळतात. दौंड हे मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील जंक्शन, म्हणजे मनमाडकडे आणि बारामतीकडे जेथून फाटे फुटतात असे स्थानक, आणि शिरूरला आजही रेल्वे नाही. सबब जगातला कोणताही पदार्थ आधी दौंडच्या फलाटावर उतरतो आणि मग शिळा होऊन शिरूरला पोचतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. ‘तुमच्याकडं पिझ्झा यष्टीनं येतो, यष्टीनं,’ हे वाक्य एका साखरपुड्याच्या पंगतीत उच्चारले गेल्यानंतर दोन्हीकडच्या व्याह्यांना पुन्हा हसते करण्यासाठी बासुंदीची आणखी एक फेरी वाढावी लागली.

दौंडकरांच्या रेल्वेनिष्ठेमुळे त्यांना पिझ्झा-व्यवसायातली एक मूलभूत कल्पना मात्र कधीच पटलेली नाही. पिझ्झा अर्ध्या तासात दारात आणून देऊ, अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्यांकडे ते संशयाने पाहतात. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षे दौंडला दिशा बदलत असत, म्हणजे एका टोकाचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, आणि त्या अवधीत प्रवासी खाली उतरून वडापाव खात, चहा पीत, बाटल्या भरून घेत आणि तरीही गाडी सुटलेली नसे. आता स्थानकाला वळसा घालणारी कॉर्ड लाइन, म्हणजे दोन मार्गांना परस्पर जोडणारा रूळ, झाल्याने पुष्कळ गाड्यांचा हा सोपस्कार टळला आहे; पण मनावरचा संस्कार रूळ बदलून जात नाही. ‘नुसतं इंजिन फिरवायला अर्धा तास लागायचा, आन् हे म्हणं पीठ मळून, भाजून, गाडी मारून आणत्यात,’ असे म्हणून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी दारात आलेल्या गरम पिझ्झाकडे तो सकाळीच करून ठेवलेला असावा अशा नजरेने पाहत राहतात आणि पाहता पाहता त्यांचा अंदाज खरा वाटावा इतका तो थंड होतो.

पिझ्झाचे जागतिक प्रकार समजावून सांगण्याचे कार्य प्रत्येक कुटुंबात एका ठरावीक व्यक्तीकडे असते. ही व्यक्ती नात्याने बहुधा भाचा असते, हिंजवडीत नोकरी करते, न्यू जर्सीला जाऊन आलेली असते, आणि समोर आलेल्या पदार्थाचे जन्मवर्ष सांगितल्याखेरीज घास घेत नाही. नेपल्सच्या पिझ्झाचे नियम 1984 साली तेथेच स्थापन झालेल्या एका संघटनेने लिहून काढले आहेत, असे तो सांगतो. पीठ हातानेच थापावे, व्यास 35 सेंटिमीटरांपुढे जाऊ नये, लाकडाच्या भट्टीत 400 अंशांहून अधिक उष्णतेत 60 ते 90 सेकंदांत तो भाजून निघावा, मध्यभाग मऊ व ओलसर राहावा आणि फुगलेल्या कडेवर काळपट डाग उमटावेत, असा हा दंडक असून या कलेला 2017 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात, म्हणजे वस्तुरूपाने नव्हे तर हातातून हातात जपल्या जाणाऱ्या ठेव्यात, स्थान दिले. हे सर्व शांतपणे ऐकून घेतल्यावर घरातल्या आत्याबाई पिझ्झाचा मध्यभाग बोटाने दाबून पाहतात. ‘मधी कच्चा, कडंला करपलेला. आमच्यात अशी भाकरी थापली असती तर सासूनं माहेरी धाडलं असतं.’ युनेस्कोच्या निर्णयावर याहून कठोर टीका पॅरिसमध्येही झाली नसेल.

आत्याबाईंच्या या निकालामागे एक स्वतंत्र शास्त्र आहे. मैद्यात ग्लूटेन, म्हणजे पीठ भिजवल्यावर त्याला रबरासारखा ताण देणारे प्रथिन, असते, म्हणून नेपल्सचा कारागीर तो गोळा हवेत भिरकावण्याची चैन करू शकतो. बाजरीत ते नसते, म्हणून बाजरीचा उंडा कोणी हवेत भिरकावल्यास तो परत येताना अनेक तुकड्यांत येतो. बाजरीची भाकरी टिकते ती विरीवर, म्हणजे ताज्या पिठातल्या चिकटपणावर. दळण जुने झाले की विरी जाते, मग कोमट पाण्याने कितीही मळा, परातीतली भाकरी तव्यापर्यंत अखंड पोचत नाही. तव्यावर पडल्यावर वरून पाणी फिरवणे, उलटणे, मग निखाऱ्यांपुढे उभी करून फुगवणे आणि तिचा पदर, म्हणजे वरचा पातळ पापुद्रा, सुटा करणे, या साऱ्या क्रियांचे मापदंड कोणत्याही संघटनेने लिहिलेले नाहीत, कारण त्यांचे उल्लंघन करणाऱ्या सुनेला ते लगेच तोंडी कळवले जात असत. भाच्याने नेपल्सच्या नियमावलीचे कौतुक करताना या यंत्रणेचा उल्लेख टाळला, यावरून त्याचे लग्न अजून झालेले नाही हे जाणकारांनी ओळखले.

भाच्याचे पुढील निवेदनही फारसे निर्वेध पार पडत नाही. शिकागोत 1943 साली निघालेल्या खोलगट पिझ्झात चीज खाली आणि टोमॅटोचा रस वर असतो, असे त्याने सांगताच ‘म्हणजे कट वर आलेली मिसळच की’ असे मामा म्हणतात आणि त्या प्रकाराचे प्रकरण बंद होते. डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात 1946 च्या सुमारास कारखान्यांत सुटे भाग ठेवण्याच्या पोलादी चौकोनी ट्रेमध्ये पिझ्झा भाजण्याची प्रथा पडली, ही हकीकत त्याने मोठ्या अपेक्षेने सांगितली, कारण समोर बसलेले दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रांजणगावात मोटारींच्या सुट्या भागांच्याच कारखान्यात सुपरवायझर आहेत. दाजींचा चेहरा मात्र पांढरा पडला. ‘पार्टच्या ट्रेत खायचं? ऑडिटला सापडलं तर मेमोच हातात पडंल,’ एवढे बोलून त्यांनी पुढची काही मिनिटे त्या अमेरिकन कामगारांच्या भवितव्याची चिंता केली.

या सर्व प्रकारांहून अधिक निष्ठावंत अनुयायी असलेला एक प्रकार मात्र कोणत्याही आंतरराष्ट्रीय नोंदीत नाही. 1996 साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरूत उघडले, परंतु तालुक्याच्या गावांपर्यंत अशी दुकाने पोचायला पुष्कळ काळ जावा लागला, आणि त्या मधल्या काळात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांप्रमाणे येथेही पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर थापलेले टोमॅटो केचप, उभा चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेले अमूल चीज, असा पदार्थ रूढ झाला. ओव्हन कोणाकडे नव्हताच. तव्यावर लोणी सोडून बेस ठेवावयाचा आणि वरून स्टीलचे ताट उपडे घालावयाचे, ही कृती वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापून ठेवलेल्या कागदावर असे, आणि त्या कागदावर नेमके ‘मंद आचेवर’ या शब्दांच्या जागी तेलाचा डाग पडलेला असे. परिणामी बेस खालून काळा होई, वरून कांदा कच्चा राही, आणि चीज वितळण्याऐवजी किसलेल्या अवस्थेतच घामेजून बसे. यात त्या चीजचा दोष नाही. मोझरेला हे चीज गरम पाण्यात ताणून ताणून तयार केलेले असल्यामुळे त्याच्या तारा निघतात, तर प्रक्रिया केलेले डब्यातले चीज एकजीव राहावे म्हणूनच बनवलेले असते. जाहिरातीत दिसलेली ती लांब तार आपल्या घासातून निघावी, या आशेने त्या पिढीतील मुलांनी घास तोंडापासून हातभर दूर नेला आणि प्रत्येक वेळी केचप मांडीवर पाडून घेतले.

हीच मुले आता चाळिशीत आली असून, खरा पिझ्झा तो आईच्या हातचा, त्याची सर कोणत्याही कंपनीला येणार नाही, असे डोळे मिटून सांगतात. ‘तेव्हा तर म्हणायचास, हॉटेलसारखा झाला नाही, मी खाणार नाही,’ असे आई स्वयंपाकघरातून म्हणते, पण स्मरणरंजनाच्या भरात आलेल्या मनुष्याला प्रत्यक्ष साक्षीदाराची साक्ष ऐकू येत नसते.

पिझ्झा मागवण्याच्या विधीकडे वळताना ‘मला काहीही चालेल’ या वचनाचा विचार प्रथम करावा लागतो. हे वचन उच्चारणारी व्यक्ती घरातली सर्वांत नम्र व्यक्ती समजली जाते आणि तिच्यामुळेच ऑर्डर रात्री साडेनऊपर्यंत लांबते. मामांना काहीही चालते. फक्त ते माळकरी, म्हणजे तुळशीची माळ घातलेले वारकरी असल्यामुळे सामिष वर्ज्य, आणि अर्धा पिझ्झा चिकनचा मागवल्यास दोन्ही भागांवरून सुरी एकच फिरते की काय, याची खात्री करून हवी. दाजींना काहीही चालते. फक्त ढोबळी मिरची नको, मका नको, पनीर रबरासारखे लागते आणि मशरूम पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते. आजीला तर खरोखरच काहीही चालते, परंतु आज संकष्टी आहे. येथे उपवासाचा प्रश्न निघतो आणि कुटुंबाची धर्मसभा भरते. चीज दुधाचे, तेव्हा चालावे; मैदा चालत नाही, हे उघड; परंतु टोमॅटो का चालू नये, या प्रश्नावर कोणालाच आधार सापडत नाही. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळे आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सर्व मंडळी मूळची अमेरिका खंडातली असून पोर्तुगीज आल्यानंतर या देशात आलेली आहेत आणि आल्या आल्या उपवासाला बसलेली आहेत. टोमॅटोही त्याच खंडातला, पण त्याला मात्र उपवासाच्या ताटात शिरकाव मिळाला नाही. हा मुद्दा भाच्याने मांडला. आजीने त्याला चंद्रोदय किती वाजता आहे तेवढे मोबाइलवर बघून सांगायला लावले.

ऑर्डर दिल्यानंतर पत्त्याचा अध्याय सुरू होतो. पोच देण्याची हद्द गावाच्या अलीकडेच संपत असल्यामुळे पोच देणारा मुलगा महामार्गाच्या फाट्यावर थांबतो आणि घरातला एक पुतण्या मोटारसायकल घेऊन तेथे जातो, अशी तडजोड झालेली असते. ‘पिंपळापाशी थांब’ असे दोघेही एकमेकांना सांगतात आणि दोन निरनिराळ्या पिंपळांखाली उभे राहून एकमेकांची वाट पाहतात. भेट झाल्यावर खरी अडचण उद्भवते, ती अशी की पिझ्झाचे खोके चपटे आणि रुंद असते आणि मोटारसायकलवर चपट्या व रुंद वस्तूला जागाच ठेवलेली नाही. दुधाच्या किटल्या, पेंडीचे पोते, कडब्याच्या पेंढ्या, पत्नी आणि दोन मुले, असे सर्व काही ज्या वाहनावर सुखाने मावते तेथे हे खोके मावत नाही, म्हणून ते कापडी पिशवीत उभे घालून हँडलला लटकवले जाते, आणि गतिरोधकांच्या मालिकेवरून घरी पोचते. गुरुत्वाकर्षणाचा नियम तालुक्याची हद्द मानत नसल्याने वाटेत सर्व चीज, कांदा आणि मका घसरून खालच्या कडेला ढीग करतात आणि वरच्या बाजूला मैद्याचा उघडा माळ उरतो. खोके नेमके कसे टांगले होते यावर पुढील अनर्थ अवलंबून असतो. एका प्रसंगी चिकनचा अर्धा भाग वर आला होता, त्यामुळे न्हावऱ्याच्या फाट्यापासून घरापर्यंतच्या प्रवासात सबंध चिकन सामिष–निरामिषाची सीमारेषा ओलांडून मामांच्या अर्ध्या भागात दाखल झाले. मामांनी खोके उघडून पाहिले, हात जोडले आणि वहिनींना पिठले टाकायला सांगितले.

उरलेल्या मंडळींसमोर मग अंकगणित उभे राहते. पिझ्झाचे आठ तुकडे असतात आणि एकत्र कुटुंबात माणसे आठ कधीच नसतात. पहिले सात तुकडे मानाप्रमाणे जातात. आठवा तुकडा ‘तू घे’, ‘नको, तुम्ही घ्या’, ‘लहानांना द्या’, ‘लहानांना तिखट लागंल’ अशा वाक्यांनी वेढला जाऊन खोक्यातच राहतो, आणि त्याच्याकडे सगळे न पाहिल्यासारखे पाहत असतात. सोबत आलेल्या तिखटाच्या आणि वाळलेल्या पाल्याच्या पुड्या कोणी वापरत नाही. त्या फ्रिजच्या दारात, डोळ्यांच्या थेंबांशेजारी, पुढील पिढ्यांसाठी साठवल्या जातात.

भाच्याने जेवताना अननसाचा विषय काढला नसता तर ती रात्र शांततेत गेली असती. पिझ्झावर अननस घालण्याची कल्पना 1962 साली कॅनडातल्या आँटेरिओ प्रांतात सॅम पानोपुलोस या ग्रीक वंशाच्या उपाहारगृहचालकाला सुचली, आणि तेव्हापासून जग दुभंगले आहे. आइसलँडचे राष्ट्राध्यक्ष 2017 साली शाळकरी मुलांपुढे बोलताना, शक्य असते तर आपण यावर बंदीच घातली असती, असे बोलून गेले आणि नंतर, आपल्याला तसा अधिकार नाही व असूही नये, असा खुलासा त्यांना करावा लागला. शिरूर–दौंडच्या पट्ट्यात हा वाद अननसावर टिकत नाही, तो थेट आमटीतल्या गुळावर जातो. तिखटजाळ पदार्थात गोड घालणे हा पुणेरी दुर्गुण होय, अशी येथील पूर्वापार समजूत असून ती सर्वांत त्वेषाने मांडणारी माणसे केडगाव आणि राहू या दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांच्या पट्ट्यात आढळतात, म्हणजे जेथे उसाचा रस काहिलीत, म्हणजे अजस्र उथळ कढईत, रात्रंदिवस आटत असतो, जेथे हवेलाही काकवीचा वास असतो आणि जेथल्या ढेपा बाहेरगावी गेल्या नाहीत तर पुण्याच्या आमटीला गूळ मिळणार नाही. ‘आपण गूळ पिकवायचा. आमटीत घालायचा त्यांनी,’ असा या व्यवहाराचा खुलासा एका गुऱ्हाळमालकाने केला, आणि लगेच चुलवणावरचा गरम गूळ पानावर घालून प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकापुढे ठेवला, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारण्याचे त्याचे तोंड राहिले नाही.

या भागातला पिझ्झाचा अभ्यासक हा एकूणच दयनीय प्राणी आहे. तो वही घेऊन निघतो आणि बाजरीचे पीठ, गुळाची ढेप व शेंगांची पिशवी घेऊन परततो. वहीत मात्र पिझ्झाविषयी एक ओळही नसते. मोराची चिंचोली या शिरूर तालुक्यातल्या गावी मोर आणि हुरडा या दोन कारणांसाठी शहरी पाहुणे जातात. तेथे आगटीजवळ, म्हणजे गोवऱ्यांचा जाळ केलेल्या खड्ड्याजवळ, बसून त्याने पिझ्झाचा विषय काढला, तेव्हा ज्वारीचे कोवळे गरम दाणे त्याच्या हातावर इतक्या वेगाने पडत राहिले की लेखणी धरायला हात मोकळा झाला नाही. यवतला विचारावे, तर तेथील लोक आषाढीच्या वारीविषयी बोलतात. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला आली की गावातल्या घराघरांत भाकऱ्या थापल्या जातात, प्रचंड भांड्यांत पिठले शिजते आणि आलेला प्रत्येक वारकरी जेवून जातो. टॉपिंग कोणते हवे, असे विचारण्याची तेथे पद्धत नाही, आणि कोणी ‘काहीही चालेल’ म्हणाला तर त्याला खरोखरच चालते. शिरूरकडे हुलग्याच्या शेंगोळ्या, म्हणजे पिठाच्या वळकट्या करून झणझणीत रश्शात शिजवलेला पदार्थ, हा पिझ्झावरचा अंतिम तोडगा मानला जातो. शेंगोळ्या आवडत नाहीत असे म्हणणारा मनुष्य तेथे सापडतो, पण तो ते दबक्या आवाजात सांगतो.

या साऱ्या निवेदनांत एक गोष्ट समान आढळते, ती म्हणजे कोणाचीही आजी स्वयंपाकात मध्यम नव्हती. दोन तालुक्यांत मागच्या पिढीत केवळ सुगरणीच जन्माला आल्या, कोणाच्या हातून मीठ जास्त पडले नाही, कोणाची आमटी पातळ झाली नाही आणि कोणाचे कालवण उतू गेले नाही, असे मानल्याखेरीज उपलब्ध साक्षींचा मेळ बसत नाही. सुदैवाने काही आज्या अद्याप हयात असून त्यांना प्रत्यक्ष विचारता येते. संकष्टी सोडून पाटावर बसलेल्या त्या आजीला, पूर्वीचे जेवण किती चविष्ट होते ते सांगा, अशी विनंती नातवाने मोबाइलचा कॅमेरा रोखून केली. आजीने 1972 च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तेथे सुकडी, म्हणजे पिठापासून केलेला कोरडा पौष्टिक खुराक, मिळायची, आणि रेशनवर मिलो यायची, म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी, जिच्या भाकरीला ना रूप होते ना चव. ‘परदेशातलं खाणं तुम्ही आता खाताय. आम्ही कवाच खाल्लंय,’ असे म्हणून तिने नातवाला बाजूला सारले आणि खोक्यात उरलेला तो आठवा तुकडा, ज्याच्याभोवती अर्धा तास शिष्टाचार चालला होता, तो उचलून त्याची कड मोडून टाकली व मधला मऊ भाग दुधात कुस्करून खाल्ला. कडेवरच्या काळ्या डागांविषयी तिला काही म्हणायचे नव्हते, दात नसल्यामुळे तो भाग तिच्या अभ्यासकक्षेत येत नव्हता. ‘मऊ हाय. बरा हाय,’ हा तिचा निष्कर्ष होता, आणि दोन्ही तालुक्यांत आजवर पिझ्झाविषयी मिळालेले हे एकमेव नेमके उत्तर होय.

मोडून टाकलेल्या कडा आणि दाजींनी न खाल्लेली ढोबळी मिरची वाया गेली, असे कोणी समजू नये. रांजणगावच्या वसाहतीत एकाहून अधिक कंपन्या फ्रिज तयार करतात, त्यामुळे शिरूर तालुक्यात फ्रिज ही गावचीच वस्तू आहे, परंतु फ्रिजमधले अन्न ते शिळे अन्न आणि शिळ्या अन्नाला फोडणी, हा कायदा तेथील स्वयंपाकघरांत अढळ आहे. भाकरी उरली की ती कुस्करून मोहरी, कढीपत्ता, कांदा आणि शेंगदाणे घालून परतायची, हा न्याय वहिनींनी सकाळी पिझ्झाच्या कडांना लावला, वर लिंबू पिळले आणि चहाबरोबर सर्वांना वाढला. भाच्याने आधी आक्षेप घेतला, मग चव घेतली, मग दुसऱ्यांदा मागून घेतले आणि या प्रकाराला नाव काय द्यावे याचा विचार करीत बसला. तोवर भांडे रिकामे झाले होते. पुण्याला परतताना त्याने या कृतीची सविस्तर माहिती विचारली, तेव्हा ‘मंद आचेवर’ एवढेच वहिनींनी सांगितले.

वाचकांपैकी कोणास भीमेच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर पिझ्झा नेण्याचा प्रसंग आला, तर त्याने मागे एक माणूस बसवावा आणि खोके त्याच्या मांडीवर आडवे ठेवावे. हँडलला मात्र लटकवू नये, ही नम्र विनंती.